शेऱ्याचा रकाना

तिवईला टांगलेलं ॲल्युमिनियमचं डोकं
दीड मीटरवरून सोडते.
धप्.
आकडा येतो: सहाशे बारा.
हजाराच्या आत म्हणजे मूल रडेल,
गुडघ्यावर फुंकर मागेल, पुन्हा चढेल.
हजाराच्या वर म्हणजे काय
ते प्रशिक्षणात एकदाच सांगितलं होतं,
तेही जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत.

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या वसाहतीत,
मंगळवारी सकाळी हे डोकं मी
नऊ वेळा पाडते.

खाली टायरांचा भुगा
गोंदात कालवून थापलेला,
काळ्या आंबोळीसारखा जाळीदार.
झोपाळ्याखाली कडा सुटल्यात,
दाणे मोकळे झालेत.
यात दुधाच्या गाडीचं मागचं चाक असेल,
रोज हल्लला ये-जा करणाऱ्या कुणा नर्सची जुनी फोर्ड,
आणि एखादं असंही,
ज्याने वळणावर वेळेत ब्रेक धरला नाही.
आयुष्यभर डांबर चाटलेलं रबर
आता घसरगुंडीच्या पायथ्याशी
निवृत्त होऊन बसलंय.

शोना ब्लँचर्ड बाकावरून उठून येते.
कडेवर रूफस, पावणेदोन वर्षांचा,
खालच्या ओठावर मोहरीएवढा काळा दाणा.
"हे सुरक्षित आहे ना?"
पडायला, हो, मी म्हणते.
"आणि खायला?"
मी पडण्याची माणूस, बाई.
ती हसत नाही.

माझ्या गाडीत तीन अहवाल आहेत.
पहिला म्हणतो, धोका नगण्य.
दुसरा, धोका आढळला नाही.
तिसरा, आणखी अभ्यास हवा,
आणि त्याच्या शेवटी अकरा पानं तळटीपा.
'आढळला नाही' आणि 'नाही'
यांच्यामधल्या फटीत
रूफस बादली उपडी करून बसतो.

बागेचं कुलूप उघडणारा म्हातारा लॉकवुड
टोपी मागे सारून कपाळावरची खोच दाखवतो.
बासष्ट साल. झोपाळा. काँक्रीट.
"तेव्हा कुणी विचारलं का, सुरक्षित आहे का म्हणून?"
भावाबद्दल बोलायला लागतो,
मग किल्ल्यांचा जुडगा मोजत बसतो.
किल्ल्या चारच आहेत.

इस्लामपूरला बाबांचं रिमोल्डचं दुकान होतं.
साचा उघडला की येणारा तो गरम, गोडसर वास
शर्टात, उशीत, वह्यांच्या कव्हरात.
लिंबाने घासून घासून
बोटांची पेरं काळी ती काळीच.
त्याच बोटांनी भाकरी मोडून
पहिला घास मला.
बाबा एकोणऐंशीचे होऊन गेले.
त्याच साच्यावर उभे राहणारे दत्तूमामा
चव्वेचाळीसचे.
दोन माणसांची आकडेवारी होत नाही.
शोनाला हे सांगावं का, कळत नाही.
सांगत नाही.

दुपारी ऊन निघतं,
इथे निघतं तसं, माफी मागितल्यासारखं.
तरी बारापर्यंत जमीन तापते.
हात टेकवते, उचलते.
शोना अंगठ्याने रूफसच्या ओठावरचा दाणा पुसते,
नाकाशी नेते,
माझ्याकडे बघते.

टॅब्लेटवर भरते:
आघात, उत्तीर्ण.
निचरा, उत्तीर्ण.
कडा, दुरुस्ती आवश्यक, सहा आठवडे.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
उन्हात वास येतो. बाबांचा.
शेवटचा शब्द खोडते.
वासाला मर्यादा ठरलेली नाही,
पलीकडच्या चौकटीत आकडा मागतात.
शून्य लिहिलं तर खोटं,
रिकामं सोडलं तर यंत्र पुढे जाऊ देत नाही.
एक लिहिते.
एक काय, ते विचारू नका.

संध्याकाळी उंबऱ्यात मोजे झटकते.
तीन दाणे पडतात, एक पायपुसण्यात अडकतो.
ते तळहातावर घेऊन
दाराबाहेरच्या दोन डब्यांसमोर उभी राहते:
एक कचऱ्याचा,
एक पुन्हा वापरायच्या वस्तूंचा.
शेजारीण खिडकीतून विचारते,
काही हरवलं का?